टेकसन पीएल-३१०ईटी : जळगाव केंद्राच्या लहरी मोजताना आलेला अनुभव

जळगाव-धुळे रस्त्यावर हा रेडिओ बरोबर घेऊन मी वर्षभरात अनेक फेऱ्या केल्या. ठरलेल्या चार ठिकाणी गाडीतून उतरायचे, रस्त्यापासून दूर शेताच्या बांधावर जायचे, आकाशवाणी जळगावची ९६३ किलोहर्ट्झ ही वारंवारिता लावायची आणि पडद्यावरचे दोन आकडे वहीत उतरवायचे, एवढाच त्या फेऱ्यांचा कार्यक्रम असे. मध्यम लहरींचा, म्हणजे ज्याला आपण सवयीने 'एएम' म्हणतो तो सिग्नल अंतराबरोबर किती क्षीण होतो, आणि तो किती क्षीण होईल हे आधी गणिताने सांगता येते का, हे मला माझ्याच जिल्ह्यांत तपासायचे होते. त्या कामासाठी टेकसन कंपनीचा पीएल-३१०ईटी हा हातात मावणारा संच कितपत उपयोगी पडतो, एवढ्याच प्रश्नापुरता हा अभिप्राय आहे. त्यावर गाणी कशी वाजतात, एफएम कसे लागते, ह्याबद्दल मी येथे काही लिहिलेले नाही.

प्रथम संचाची ओळख. हा डीएसपी पद्धतीचा रेडिओ आहे. जुन्या रेडिओत जी गाळणी व वर्धनाची कामे कॉइल आणि कपॅसिटर करीत, ती येथे सिलिकॉन लॅब्जच्या एका चिपमध्ये अंकांच्या हिशेबाने होतात. तीन पेन्सिल सेलवर तो चालतो. मध्यम लहरींसाठी आत अँटेना म्हणून फेराइटची कांडी आहे आणि बँडविड्थ, म्हणजे एका वेळी ऐकायच्या पट्ट्याची रुंदी, १, २, ३, ४ किंवा ६ किलोहर्ट्झ अशी निवडता येते. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते पडद्याच्या कोपऱ्यात सतत दिसणारे दोन आकडे. पहिला सिग्नलची पातळी डीबी-मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे एका मायक्रोव्होल्टच्या तुलनेत डेसिबलमध्ये, सांगतो आणि दुसरा सिग्नल गोंगाटापेक्षा किती डेसिबल वर आहे ते सांगतो. साध्या रेडिओवर एक लाल दिवा असतो किंवा चारपाच काड्यांचा पट्टा असतो, आणि त्यावरून 'बरा येतो' किंवा 'बरा येत नाही' ह्यापलीकडे काही कळत नाही. येथे एकेका डेसिबलचा फरक वाचता येतो, आणि ह्या किमतीच्या संचात ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

खरेदी करणाऱ्याने पहिल्याच दिवशी पाहावे असे एक आहे. आपल्याकडची मध्यम लहरींची केंद्रे १९७५ च्या जिनिव्हा योजनेनुसार ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत, म्हणून जळगावचे ९६३, पुण्याचे ७९२, मुंबईचे ५५८ आणि १०४४ ह्या सर्व संख्यांना नऊने नि:शेष भाग जातो. संच जर अमेरिकी पद्धतीच्या १० किलोहर्ट्झच्या पायरीवर असेल तर भराभर शोधताना तो ९६० वरून थेट ९७० वर उडी मारतो आणि जळगाव मध्येच राहून जाते. पायरी ९ वर आणून ठेवावी आणि मगच मोजायला बसावे.

आता तो पहिला आकडा नेमके काय सांगतो, ह्याकडे वळतो, कारण पुष्कळ जण येथेच चुकतात. आकाशातून येणाऱ्या लहरीची तीव्रता मिलिव्होल्ट प्रति मीटर ह्या एककात मोजतात, आणि ती मोजण्याची खरी उपकरणे वेगळी असतात. पोटोमॅक इन्स्ट्रुमेंट्सचे एफआयएम-४१ हे त्यांतले नावाजलेले. त्यांची वेटोळ्याची (लूप) अँटेना आधीच प्रमाणित केलेली असते, म्हणून त्यांचा आकडा थेट वापरता येतो. टेकसनचा आकडा मात्र फेराइटच्या कांडीतून चिपच्या तोंडाशी पोचलेल्या व्होल्टेजचा असतो. कांडीची लांबी, तिच्यावरचे वेढे आणि त्या वारंवारितेला आतला कपॅसिटर किती नेमका जुळला आहे, ह्या सगळ्यांचा त्यावर परिणाम होतो. त्यामुळे पडद्यावर ६० दिसले म्हणजे हवेत ६० डीबी-मायक्रोव्होल्ट प्रति मीटर इतकी तीव्रता आहे असे मुळीच नाही. परंतु वारंवारिता तीच, संच तोच आणि धरण्याची पद्धत तीच ठेवली, तर हा अज्ञात भाग प्रत्येक ठिकाणी सारखाच राहतो आणि दोन ठिकाणांच्या आकड्यांची वजाबाकी केली की तो निघून जातो. ह्या संचाचा सुटा आकडा मी गंभीरपणे घेत नाही. दोन आकड्यांतील फरकावर मात्र माझा विश्वास बसला आहे, आणि तो का बसला हे पुढे सांगतो.

अंदाज बांधण्याचे गणित फार अवघड नाही. जमीन पूर्ण विद्युत्‌वाहक आहे असे धरले, तर १ किलोवॅट शक्तीचा आखूड उभा मनोरा १ किलोमीटरवर ३०० मिलिव्होल्ट प्रति मीटर इतकी तीव्रता देतो. शक्ती वाढली की तीव्रता शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. जळगावच्या २० किलोवॅटला हा आकडा सुमारे १३४० मिलिव्होल्ट येतो. पुढे अंतर दुप्पट झाले की तीव्रता निम्मी, म्हणजे ६ डेसिबलने कमी. पण खानदेशची माती तांब्याची नाही. जमिनीलगत सरकणारी लहर जमिनीत झिरपते, तिची ऊर्जा मातीत खर्च होते, आणि ठरावीक अंतरानंतर तिचे कमी होणे अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात होऊ लागते, म्हणजे अंतर दुप्पट झाल्यावर १२ डेसिबल जातात. हा पालट कोठे सुरू होतो हे जमिनीच्या वाहकतेवर आणि वारंवारितेवर ठरते. सोमरफेल्ड ह्यांनी १९०९ मध्ये ह्या प्रश्नाचे मूळ गणित मांडले आणि १९३० च्या दशकात नॉर्टन ह्यांनी ते अभियंत्यांच्या हाती देता येईल अशा सूत्रांत आणले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.३६८ ह्या शिफारशीत त्याचेच तयार आलेख मिळतात. मी नॉर्टन ह्यांचे सोपे केलेले सूत्र कॅल्क्युलेटरवर वापरले. साधारण ८० किलोमीटरपर्यंत पृथ्वीची गोलाई ह्या वारंवारितेला फारशी आड येत नाही, म्हणून धुळ्यापर्यंत ते चालते.

ह्या सूत्रात ९६३ किलोहर्ट्झ घालून, १० किलोमीटरवरून ८३ किलोमीटरवर, म्हणजे जळगावच्या हद्दीबाहेरून सरळ रेषेत धुळ्यापर्यंत जाताना सिग्नल किती पडेल ते काढले. नुसत्या अंतराचा हिशेब केला तर सुमारे १८ डेसिबल. जमिनीची वाहकता ३० मिलिसीमेन्स प्रति मीटर इतकी उत्तम धरली तर २४, १० धरली तर ३१, आणि ३ म्हणजे खडकाळ धरली तर ३७ डेसिबल. सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट जमिनीत तेरा डेसिबलचा फरक पडतो आहे, आणि आपला संच एक डेसिबल दाखवतो. म्हणजे रेडिओ हातात घेऊन रस्त्याने गेले तर पायाखालची जमीन विजेच्या दृष्टीने कशी आहे ते कळायला हवे. ही कल्पना सुचली तेव्हा मला जो आनंद झाला, त्यासाठीच मी हा संच मागवला.

मागवताना एक अडचण आली ती विक्रेत्यामुळे. पहिल्यांदा आलेल्या पेटीचे सील आधीच उघडलेले होते आणि फिरवण्याची चकती अडखळत होती. पंधरा दिवसांच्या पत्रव्यवहारानंतर संच बदलून मिळाला. दुसरा संच आजपर्यंत निर्दोष चालला आहे.

मोजणीचे नियम मी चुका करीत करीत ठरवले. वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन, कारण ह्या वेळेत आकाशातून परावर्तित होऊन येणारी लहर जवळजवळ नसते. गाडीपासून किमान पंचवीस पावले दूर, कारण पत्र्याचे धूड जवळ असले की आकडा बदलतो. संच छातीच्या उंचीवर आडवा धरून हळूहळू फिरवायचा, सर्वांत मोठा आकडा येईल तेथे थांबायचे आणि अर्धा मिनिट पाहून मधला आकडा लिहायचा. फेराइटची कांडी दोन बाजूंना चांगले ऐकते आणि तिची टोके ज्या दिशेला असतील तिकडचे तिला जवळजवळ ऐकू येत नाही, त्यामुळे धरण्याची दिशा चुकली तर दहा-पंधरा डेसिबल सहज जातात. बँडविड्थ सगळीकडे ३ वर. एका मालिकेत ती बदलू नये.

पाळधीच्या अलीकडे, मनोऱ्यापासून साधारण १० किलोमीटरवर, आकडा ७४ आला. धुळ्याच्या पूर्वेला एका मोकळ्या माळावर तो ४० आला. फरक ३४ डेसिबल, म्हणजे वाहकता सुमारे ६ मिलिसीमेन्स. आता खरी परीक्षा मधल्या ठिकाणांची होती. ६ ही वाहकता धरून सूत्र सांगत होते की एरंडोलला, २६ किलोमीटरवर, पाळधीपेक्षा १४ डेसिबल कमी म्हणजे ६० दिसावेत, आणि पारोळ्याला, ४८ किलोमीटरवर, साडेचोवीस डेसिबल कमी म्हणजे ४९ ते ५० दिसावेत. हे आकडे मी घरून निघण्यापूर्वी वहीत लिहून ठेवले होते. एरंडोलला ६० आले. पारोळ्याला आले ५५.

पाच डेसिबलची चूक ही लहान चूक नव्हे, आणि ती वाढीच्या बाजूची असल्यामुळे मला जास्त खटकली. सिग्नल सूत्रापेक्षा कमी असता तर एखादा खडकाळ पट्टा मध्ये आला असे म्हणता आले असते, जास्त कसा असेल? मान वर केली तेव्हा कारण दिसले. मी ज्या बांधावर उभा होतो तेथून चाळीस-पन्नास पावलांवरून अकरा हजार व्होल्टची लाइन जात होती. अशी लांब तार स्वतःच अँटेनेसारखी वागते. ती लहर पकडते आणि आसपास पुन्हा पसरवते. तारेखाली गेलो तर आकडा ६० च्या जवळ गेला आणि संच फिरवूनही दिशा नीट सापडेना. मग पाऊण किलोमीटर आत, कपाशीच्या मोकळ्या वावरात गेलो. तेथील शेतकऱ्याने "काय मोजी राह्यना भाऊ?" असे विचारले तेव्हा मी त्याला पडदा दाखवून सर्व सांगितले, आणि त्यानेच मला विहिरीच्या मोटारीच्या तारेपासूनही दूर, वावराच्या पलीकडच्या कोपऱ्यात नेऊन उभे केले. तेथे आकडा आला ५१. अंदाजापासून दीड डेसिबलवर. सात-आठ हजारांच्या आतबाहेरचा प्रयोगशाळेबाहेरचा संच, कॅल्क्युलेटरवरचे नव्वद वर्षे जुने सूत्र आणि एका शेतकऱ्याची दाखवलेली जागा ह्यांतून इतका मेळ बसतो, ह्याचे मला अजूनही समाधान वाटते.

ह्यानंतर मी दिशा बदलून पाहिली. जळगावपासून पश्चिमेला अमळनेर आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या पायथ्याचे फर्दापूर ही दोन्ही गावे सरळ रेषेत जवळजवळ सारख्याच, पन्नासेक किलोमीटर अंतरावर आहेत. एकाच उभ्या मनोऱ्याचे प्रक्षेपण आडव्या पातळीत सर्व दिशांना सारखे धरले, तर दोन्हीकडे सारखाच आकडा यायला हवा. अमळनेरला ५३ आला, फर्दापूरला ४६. फर्दापूरला डोंगराची आडकाठी आहे असेही म्हणता येत नाही, कारण अजिंठ्याची रांग गावाच्या दक्षिणेला आहे आणि मनोरा उत्तरेला. माझ्या मते फरक आहे तो जमिनीचा. तापीच्या बाजूला गाळाची जाड, ओल धरणारी जमीन आहे. दक्षिणेला जावे तसा मातीचा थर पातळ होतो आणि खाली दख्खनचा काळा पाषाण लागतो. धुळे-नंदुरबारकडे तर ह्या पाषाणातून उभ्या भिंतींसारख्या डाइक वर आलेल्या रस्त्यावरूनही दिसतात. अमळनेरचा आकडा सुमारे १० मिलिसीमेन्सला जुळतो आणि फर्दापूरचा ४ च्या आसपास. हे सात डेसिबल श्रोत्याच्या भाषेत सांगायचे तर असे, की फर्दापूरला अमळनेरइतके ऐकू यायला जळगावचा प्रक्षेपक २० ऐवजी १०० किलोवॅटचा करावा लागेल. नुसती त्रिज्या काढून नकाशावर वर्तुळ मारणे आणि 'येथपर्यंत केंद्र ऐकू येते' असे सांगणे किती अपुरे आहे, हे त्या एका दिवसात माझ्या लक्षात आले. वाटेत जमीन बदलत असेल तर हिशेब तुकड्यातुकड्यांनी करावा लागतो. त्याची रीत मिलिंग्टन ह्यांनी १९४९ मध्ये दिलेली आहे, आणि धुळ्याच्या पुढे साक्रीकडे जायचे तर तीच वापरावी लागेल.

पावसाचा परिणाम मी उत्सुकतेने पाहिला, पण त्यात फार काही हाती लागले नाही. पहिल्या पावसानंतर काळी जमीन फुगली, भेगा मिटल्या, तरी एरंडोलचा आकडा जागचा हलला नाही. विचार केल्यावर हे स्वाभाविक वाटले. ह्या वारंवारितेची लहर ३ ते १० मिलिसीमेन्सच्या जमिनीत पाच ते साडेनऊ मीटर खोल शिरते, त्यामुळे वरची वीतभर माती ओली झाली म्हणून तिला विशेष काही कळत नाही. विहिरींचे पाणी वर आल्यानंतर, दसऱ्याच्या सुमारास, पारोळ्याला एखादा डेसिबल वाढलेला दिसला. तो माझ्या मोजणीच्या चुकीतच बसतो, म्हणून त्यावरून मी काहीही म्हणत नाही.

दुसऱ्या आकड्याचे, म्हणजे सिग्नल आणि गोंगाट ह्यांच्या फरकाचे, महत्त्व मला फागण्याच्या आत्याबाईंच्या घरी कळले. त्या वर्षानुवर्षे दुपारी जळगाव ऐकत आल्या आहेत. अलीकडे त्यांचे म्हणणे होते की केंद्राने आवाज कमी केला आहे, नुसती खरखर येते. फागणे धुळ्याच्या अलीकडे आहे, ७३ किलोमीटर धरले तर माझ्या हिशेबाने तेथे ४२ च्या आसपास आकडा यायला हवा होता. त्यांच्या ओसरीत संच लावला तर ४८ आला. अंदाजापेक्षा सहा डेसिबल जास्त, आणि तरीही ऐकण्यासारखे काही नव्हते. शेजारचा आकडा पाहिला तर तो फक्त ३ होता. संच परसात, गोठ्याच्या मागे नेला तेव्हा पहिला आकडा ४२ वर उतरला आणि दुसरा २० वर चढला. निवेदिकेचा प्रत्येक शब्द स्वच्छ. केंद्र आपले काम बरोबर करीत होते आणि सूत्रही बरोबर होते. पहिल्या आकड्यात जळगावबरोबर घरातला गोंगाटही मोजला जात होता.

मी म्हटले, "आत्या, मेन स्विच जरा बंद करू का?" त्या म्हणाल्या, "कर बा, पन पहिले बातम्या व्हई जाऊ दे." बातम्या झाल्या, स्विच पाडला, आणि खरखर एकदम थांबली. मग एकेक वस्तू पुन्हा चालू करीत गेलो. गुन्हेगार दोन निघाले, ओसरीतला एक स्वस्त एलईडी बल्ब आणि मोबाइलचा चार्जर. दोन्हींच्या आत वीज वेगाने तोडून-जोडून व्होल्टेज कमी केले जाते आणि त्या तोडजोडीचा कचरा नेमका मध्यम लहरींच्या पट्ट्यात पसरतो. बल्ब बदलला, चार्जर आतल्या खोलीत गेला. आत्याबाईंचे जळगाव परत आले. अनेक घरांत 'एएम आता येत नाही' असे म्हटले जाते तेव्हा खरोखर सिग्नल गेलेला असतो की घरातला गोंगाट वाढलेला असतो, हे ठरवायला हे दोन आकडे एकत्र पाहावे लागतात. नुसता सिग्नलचा पट्टा दाखवणारा रेडिओ येथे उलट दिशाभूल करील, कारण गोंगाटानेही पट्टा भरतो. हा संच घेण्याचे दुसरे कोणतेही कारण नसते तरी एवढ्यासाठी मी तो घेतला असता.

रात्रीची गोष्ट निराळी आहे. सूर्य मावळल्यावर वातावरणातला, ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा, लहरी शोषून घेणारा थर विरतो आणि त्याच्या वरच्या थरांवरून मध्यम लहरी परत खाली येऊ लागतात. धुळ्यात दिवसा जो आकडा ४० वर स्थिर असतो, तोच रात्री नऊनंतर कधी तिशीत उतरतो, कधी पन्नाशीकडे झेपावतो, आणि आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा फिरतो. जमिनीवरून आलेली आणि आकाशातून आलेली अशा दोन लहरी येथे जवळजवळ तुल्यबळ होतात. कधी एकमेकींना साथ देतात, कधी एकमेकींना खोडतात. पाळधीला असे होत नाही, तेथे जमिनीवरची लहर फारच बलवान आहे. ह्या रात्रीच्या चढउतारांवरून जमिनीबद्दल काही अनुमान काढता येत नाही, तरी धुळेकरांना रात्री जळगाव का 'येजा' करते ह्याचे उत्तर पडद्यावर उघड दिसते.

संचाच्या मर्यादा माहीत असल्या की मनस्ताप होत नाही. मध्यम लहरींवर माझ्या संचाचा पहिला आकडा १५ च्या खाली कधी उतरला नाही आणि दुसरा २५ च्या वर कधी चढला नाही. म्हणजे अगदी क्षीण केंद्रांमध्ये तुलना करता येत नाही, आणि बलवान केंद्रांमध्ये कोणते अधिक स्वच्छ ते दुसऱ्या आकड्यावरून सांगता येत नाही. मनोऱ्याच्या अगदी जवळ, एकदोन किलोमीटरच्या आत, मी मोजणीच करीत नाही. तेथे लहर इतकी तीव्र असते की चिपला ती आवरती घ्यावी लागते, आणि मग आकडा सरळ रेषेत वाढत नाही. दोन वेगवेगळ्या वारंवारितांचे आकडेही एकमेकांशी ताडून पाहू नयेत, कारण कांडीचा जोर प्रत्येक वारंवारितेला वेगळा असतो. मुंबईचे ५५८ आणि १०४४ ह्यांच्या बाबतीत हे करण्याचा मोह होतो. जमिनीत होणारी हानी वारंवारितेच्या वर्गाबरोबर वाढते, त्यामुळे ह्या दोन्हींत हानीचे माप सुमारे साडेतीन पटींनी वेगळे आहे आणि ५५८ दिवसा दूरवर टिकायला हवे. ते कानाला जाणवतेही, पण ह्या संचाच्या आकड्यांनी सिद्ध करता येत नाही. त्यासाठी प्रमाणित अँटेनाच हवी.

माझ्या आकड्यांना २४ मिळवले की तीव्रता डीबी-मायक्रोव्होल्ट प्रति मीटरमध्ये मिळते, असा एक स्थिरांक मी काढला आहे. पण तो पाळधीच्या ठिकाणी सूत्राने दिलेल्या ९८ ह्या अंदाजावरूनच घेतलेला आहे, स्वतंत्र मोजणीतून नाही. त्यामुळे तो दुसऱ्याने आपल्या संचाला लावू नये. प्रत्येकाने आपल्या जवळच्या केंद्रापासून आठ-दहा किलोमीटरवर, मोकळ्या रानात, आपला स्थिरांक स्वतः काढावा.

कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्यांना मी हा संच आवर्जून सुचवीन. व्यस्त प्रमाण, डेसिबल, विद्युत्‌वाहकता आणि आयनांबर (रात्री लहरी परतवणारे ते वरचे थर) हे चार धडे एका सहलीत विद्यार्थ्यांच्या हातात येतात, आणि सहलीला जळगावहून अमळनेरपर्यंतची बस पुरते. गावात रेडिओ दुरुस्त करणाऱ्यालाही तो उपयोगी आहे, कारण दोष रेडिओत आहे की घराच्या विजेत, हे गिऱ्हाइकाच्या ओसरीत दोन मिनिटांत ठरते. ज्यांना कायदेशीर किंवा तांत्रिक अहवालासाठी तीव्रता मोजायची आहे, त्यांनी ह्याच्या वाटेला जाऊ नये. लॅपटॉपला जोडण्याचे एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाच्या प्रणालीवर चालणारे छोटे रेडिओ, ह्याहून अधिक दाखवतात, पण शेताच्या बांधावर मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांत लॅपटॉप उघडून बसणे मला जमले नाही. टेकसन खिशात घालून मी पाऊण किलोमीटर चालत जाऊ शकतो.

शेवटी वहीविषयी दोन ओळी लिहितो, कारण संचाबरोबर ती नसेल तर आकडे व्यर्थ जातात. प्रत्येक नोंदीत मी जागा, मनोऱ्यापासून नकाशावर मोजलेले सरळ अंतर, वेळ, दोन्ही आकडे, जवळच्या तारांचे अंतर आणि सेल कधी बदलले ते लिहितो. रस्त्याचे किलोमीटर लिहू नयेत, लहर रस्त्याने जात नाही. पुढच्या पानावर साक्री, कोंडाईबारी आणि नंदुरबार ही नावे लिहून ठेवली आहेत. त्यांच्यासमोर मिलिंग्टन ह्यांच्या रीतीने काढलेले अंदाज पेन्सिलीने भरले आहेत, आणि मोजलेल्या आकड्यांचा रकाना अजून कोरा आहे.